पाठमोरा लडकू

भिवंडीजवळच्या कोन गावच्या लडकू भोईरला तुम्ही पाहिलंय. उगाच मान हलवू नका, पाहिलंय म्हणजे पाहिलंय. कोर्टात हिरो साक्ष देत असतो आणि मागच्या बाकावर एक माणूस वाकून चप्पल शोधत असतो, तो लडकू. हिरोइनच्या लग्नात भाताची परात घेऊन पलीकडं निघालेला, तोही लडकू. खलनायकाची गाडी बाजारात घुसते, टोमॅटो उडतात, माणसं पळतात, त्यात सगळ्यांत पुढं जी पाठ पळत असते ती लडकूचीच. बावीस वर्षं हा माणूस सिनेमात होता आणि बावीस वर्षांत त्याचं तोंड एकदाही पडद्यावर आलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बिचारा, नशीबच फुटकं. अहो, नशीब कसलं! तोंड येऊ नये म्हणून तो जिवाचं रान करायचा.

त्याचं असं आहे. गर्दीत उभ्या राहणाऱ्या माणसाचा चेहरा एकदा का कॅमेऱ्यात नीट आला, की तो माणूस त्या सिनेमातून बाद. काल कोर्टात बसलेला इसम आज लग्नात पंगत वाढताना दिसला, तर लोक विचारणार नाहीत का, हा इथं कसा? त्यामुळं चेहरा ‘लागला’ की उद्याचं बोलावणं बंद. पाठीला मात्र कोणी विचारत नाही. पाठ आज वकिलाची, उद्या वाढप्याची, परवा तिरडीला खांदा देणाऱ्याची. हे लडकूला दाजीनं शिकवलं. दाजी म्हणजे या धंद्यात हाडं झिजवलेला एक म्हातारा एक्स्ट्रा.

“तोंड दाखवशील तर एक दिवस काम,” दाजी सांगायचा. “पाठ दाखव, पिक्चर संपेस्तोवर काम. पण नुसती उभी करू नकोस रे बाबा, तो खांब झाला. लग्नात पाठ वेगळी, मयताला वेगळी. पाठीला पण काम करता आलं पाहिजे.”

लडकूनं ते मनावर घेतलं. तो मुळात या धंद्यात पडला तोच अपघातानं. वीस वर्षांचा असताना आईबरोबर वज्रेश्वरीला गेला होता, तिथं देवळाच्या पायऱ्यांवर शूटिंग चाललेलं. कोणीतरी त्याच्या हातात नारळाची टोपली दिली आणि म्हणालं, इथून वर जा, मागं बघू नको. तो गेला. वर पोचल्यावर खालून “ओके” ऐकू आलं आणि गड्याला असं काही भरून आलं, की आई दर्शन घेऊन आली तरी हा टोपली घेऊन तिथंच उभा. तेव्हापासून बोलावणं आलं की पिशवीत तीन शर्ट कोंबून पहाटे घर सोडायचा. कपडे एक्स्ट्रानं स्वतःचेच आणायचे असतात, आणि ते डोळ्यांत भरता कामा नयेत. लडकूचा आवडता होता एक फिका निळा शर्ट. त्यानं तो इतक्या सिनेमांत घातला, की शर्टालाच एक्स्ट्राचं कार्ड काढून द्यायला हवं होतं.

बायको ठकुबाई भिवंडीच्या बाजारात भाजी विकायची आणि नवऱ्याची यथेच्छ टर उडवायची. “माजा नवरा फिल्लमवाला,” ती गिऱ्हाइकाला सांगायची. “देवानं तोंड दिलंय, पन ते वापरीत न्हाय.” बोलायची तशी, पण निळा शर्ट खांद्यावर विरला तेव्हा बसून झकास रफू करून दिला तिनंच.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. नंतर ते हसण्यावारी राहिलं नाही, आणि ते का, हे सांगायला हवं.

लडकूची मुलगी रुचिका चौथीत होती. तिनं वर्गात सांगितलं, माझे बाबा सिनेमात काम करतात. तिनं काय, कोणत्याही पोरीनं सांगितलं असतं. त्यातच एका रविवारी दुपारी टीव्हीवर लडकूचा सिनेमा लागणार असं कळलं. मग काय विचारता! दहा-बारा पोरी घरी जमल्या. ठकुबाईनं सगळ्यांना कांदेपोहे केले. शेजारचा चिंधू आमंत्रणाशिवाय येऊन पुढं बसला, तो नेहमी तसाच बसतो. आणि लडकू टीव्हीच्या शेजारी उभा राहिला, हातात फूटपट्टी घेऊन, मास्तरासारखा.

“आता बगा हां! तो बगा, निळा शर्ट! तो मी!”

पोरींनी पाहिलं. निळा शर्ट आला, वळला, गेला.

“ह्यो न्हाय, फुडं हाय अजून. आता बगा, मार्केटात... तो! निळा शर्ट!”

असं चार वेळा झालं. चारही वेळा पाठ. सिनेमा संपला, नावं यायच्या आत जाहिराती सुरू झाल्या, आणि एक पोरगी बोटं चाटत म्हणाली, “ही कोणाची पण पाठ आहे.” चिंधूनं लगेच री ओढली, “खरा हाय की. आशी पाठ त माजी पन हाय.” आणि आपली पाठ वळवून दाखवली. पोरी खिदळल्या. रुचिका उठून पडवीत गेली आणि पायरीवर बसली. लडकू मागोमाग गेला, तर ती एवढंच म्हणाली, “बाबा, एकदा तरी मागं बघायचं ना.” पुढं वर्षभर शाळेत तिला ‘थापाडी’ म्हणत.

ती भांडली नाही, रुसली नाही. तिनं फक्त तो विषय टाकून दिला. अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म सहीसाठी पुढं आला तेव्हा लडकूनं वाचलं : वडिलांचा व्यवसाय, शेती. आता शेती कुठली? जमिनीवर केव्हाच गोडाऊन उभी राहिली होती. खाडीकडं दोन गुंठे उरले होते, त्यात चुलत्याची म्हैस चरायची. लडकूनं सही केली. पण त्या दिवसापासून त्याच्या मनानं एकच घेतलं, की एकदा, एकदाच, आपलं तोंड पडद्यावर यायला हवं आणि रुचिकानं ते बघायला हवं. मग धंदा गेला खड्ड्यात.

पण इच्छा असून काय होतंय? कॅमेरा वळला की मान आपोआप दुसरीकडं जायची. अंगवळणी पडलेली गोष्ट अशी सुटत नाही हो. आणि एक्स्ट्राच्या तोंडापुढं मुद्दाम कॅमेरा आणून ठेवायला कोण रिकामं बसलंय?

असं दीड वर्ष गेलं. दोन हजार आठच्या डिसेंबरात मोरूचा फोन आला. मोरू म्हणजे एक्स्ट्रा पुरवणारा. तोंडाचा फाटका, मनाचा बरा. म्हणाला, “लडकू, तुझ्या दारातच शूटिंग आहे. नारपोलीला, लूमच्या कारखान्यात. कामगार म्हणून उभं राहायचं. तो तुझा निळा शर्ट आण.”

सिनेमा छोटा होता. दिग्दर्शक निशा नावाची पुण्याकडची एक बाई, तिशीची, केस वर बांधलेले, आवाज कधी चढवायची नाही. गोष्ट यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, एका बंद पडणाऱ्या कारखान्याची. पहिले दोन दिवस लडकू आपला मागच्या लूमवर पाठ करून उभा राहिला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत निशाबाई त्याच्यासमोर येऊन थांबल्या आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. लडकूनं सवयीनं मान फिरवली.

“काका, इकडं बघा,” त्या म्हणाल्या. “उद्या एक शॉट आहे. मालक येतो, मेन स्विच ओढतो, सगळे लूम थांबतात. एक जुना कामगार वर बघतो. बोलायचं काही नाही, फक्त चेहरा. तुम्ही कराल?”

लडकूला घाम फुटला. हो म्हणाला की नाही, हे त्याला नंतर आठवेना. पण घरी पोचल्यावर तोंडातला घास बाजूला सारून तो रुचिकाला म्हणाला, “उद्या माजा चेहरा लागनार हाय. तू ये.”

रुचिका तेव्हा अठराची. बारावीत. तिनं आईकडं बघितलं. ठकुबाई पहिल्यांदाच काही टोमणा न मारता म्हणाली, “जा गं. येवडं म्हनत्यात तर जा.”

आता भिवंडीत लूम थांबवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. तिथं पोरं त्या खडखडाटातच झोपतात. लूम थांबला की कारागिराची कमाई थांबते, म्हणून कारखान्याच्या खऱ्या मालकानं, सेठनं, शूटिंगला तासाभराची सूट दिली होती, वर एक मिनिट नाही. शिवाय रीळ मोजकं. निशाबाईंच्या मदतनिसानं बोटं दाखवून सांगितलं, तीन वेळा घेता येईल, चौथ्यांदा नाही.

उत्तर प्रदेशातले कारागीर भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्यात, दाराजवळ, कॉलेजची बॅग छातीशी धरून रुचिका. तिच्यासमोर एक छोटा टीव्ही होता, त्यात कॅमेऱ्याला दिसतं ते सगळं दिसायचं.

“ॲक्शन!”

मालक झालेल्या नटानं स्विच ओढला. लूम थांबले. कॅमेरा रुळावरून सरकत लडकूकडं आला. लडकूनं मान वर केली, समोर ती काळी काच दिसली, आणि मान गर्रकन वळली! अख्खा माणूस वळला. त्यानं लूमवर हात ठेवला आणि तसाच राहिला, कॅमेऱ्याकडं पाठ करून.

“कट,” निशाबाई म्हणाल्या. “काका, तोंड.”

“व्हय, व्हय. चुकला माजा.”

दुसऱ्या वेळी तेच. बरं, त्यानं ठरवलं होतं हो! दात-ओठ खाऊन ठरवलं होतं, की वळायचं नाही. पण काच जवळ आली की बावीस वर्षं त्याच्या मानेवर बसायची. वळला, आणि वळता वळता त्याला दारातली रुचिका दिसली. पोरीसमोर! पोरीला मुद्दाम बोलावून, पोरीसमोर! त्याचे खांदे खचले, लूमवर ठेवलेला हात घसरला आणि नुसता लोंबत राहिला. ‘कट’ म्हणायला निशाबाईंनी जरा वेळच लावला.

“अरे ए लडकू!” मोरू कोपऱ्यातून कडाडला. “एवढी वर्षं माणसं तोंड दाखवायला मरतात, आणि तू काय नव्या नवरीसारखा लाजतोस? सेठ घड्याळ बघतोय तिकडं!”

कारागीर हसले. लडकू रुमालानं मान पुसत राहिला. पुसून पुसून मान लाल झाली. तेवढ्यात रुचिका पुढं आली. बॅग खाली ठेवली आणि निशाबाईंना म्हणाली, “मी तिथं उभी राहू? कॅमेऱ्याला लागून?”

“तू कोण?”

“मुलगी.”

निशाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग लडकूकडं बघितलं आणि म्हणाल्या, “उभी राहा.”

तिसऱ्यांदा लूम थांबले. लडकूनं मान वर केली. काळी काच दिसली आणि काचेच्या शेजारी रुचिका. मान वळू लागली तशी ती हळूच म्हणाली, “बाबा, मागं बघा.”

आणि लडकूनं बघितलं. फूटपट्टी घेऊन उभा असलेला आपला अवतार त्याला आठवला, पायरीवर बसलेली पोर आठवली, फॉर्मवरचा तो एक शब्द आठवला. तिची माफी मागायची होती, ती कधी मागताच आली नव्हती. ती सगळी त्याच्या तोंडावर आली. डोळे भरले, पण तो हलला नाही. कॅमेरा आला, थांबला, आणि निशाबाई “ओके” म्हणाल्या. भिंतीजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं टाळी वाजवली, आणि लगेच सेठनं खरा स्विच चालू केल्यामुळं पुढचं काही कोणाला ऐकू आलं नाही.

घरी जाताना रिक्षात रुचिका म्हणाली, “बाबा, त्या दुसऱ्या वेळी तुम्ही वळलात ना, तेव्हा टीव्हीत बघताना मला...”

“चुकला माजा,” लडकू म्हणाला. “सवय, दुसरा काय.”

तिला आणखी काही बोलायचं होतं, पण रिक्षावाल्यानं गाणं लावलं.

मग चार महिने लडकूनं कोन डोक्यावर घेतलं. तोंड लागलं! तोंड लागलं! दिसेल त्याला सांगत सुटला. चिंधूला तर त्यानं दोनदा सांगितलं. सिनेमा भिवंडीत एकाच थेटरात, दुपारच्या एकाच खेळाला लागला. लडकूनं आठ जणांना पदरमोड करून नेलं. ठकुबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. चिंधू जाताना म्हणालाच, “फूटपट्टी घेतलीस काय रं?”

थेटर निम्मं भरलं होतं. बहुतेक नारपोलीचे कारागीर, शिफ्ट सुटून आलेले. रुचिका लडकूच्या शेजारी बसली. पडद्यावर कारखाना आला, खडखडाट सुरू झाला, आणि लोक ओळखीचं काही दिसलं की शिट्ट्या मारू लागले. लडकूचं कशात लक्ष नव्हतं. त्याचा शॉट मध्यंतरानंतर होता. मध्यंतरात त्यानं वडापाव आणला आणि तो हातातच राहिला.

मग मालक आला. त्यानं स्विच ओढला. तासभर थेटरात भरून राहिलेला खडखडाट एकदम थांबला. निळा शर्ट दिसला. मान वर होऊ लागली. लडकूनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

पडद्यावरचा माणूस वळला. पाठ दिसली, रफू केलेला खांदा दिसला. लूमवर ठेवलेला हात घसरला आणि लोंबत राहिला. खांदे खचले. कॅमेरा तिथंच थांबला, किती तरी वेळ.

आता येईल तोंड, लडकू मनात म्हणत होता. आता येईल. आणि पुढचा सीन सुरू झाला.

निशाबाईंनी दुसरा टेक ठेवला होता. तोंडाचा कापला होता. झालं! संपलं सगळं. लडकूला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. आठ माणसं घेऊन आलो, पोरीला घेऊन आलो, आणि पुन्हा तीच पाठ. कुठल्या तोंडानं घरी जायचं? शेजारी बघायची त्याला छाती होईना. पलीकडं चिंधूची खुर्ची करकरली, म्हणजे आता हा काहीतरी बोलणार.

पण चिंधू बोलला नाही. बोलला मागच्या रांगेतला एक कारागीर, पंचविशीचा पोरगा, आणि तोही आपल्या दोस्ताशी.

“जिस दिन हमारा कारखाना बंद हुआ, अब्बा ऐसे ही खड़े थे,” तो म्हणाला. “बिलकुल ऐसे ही। ये आदमी कौन है यार? ये एक्टर नहीं हो सकता।”

रुचिका उठली. सिनेमा चालू असताना सरळ उठून उभी राहिली आणि मागं वळली.

“वो निळा शर्टवाला ना?” ती म्हणाली. तिचा आवाज काही हळू नव्हता. चार रांगांना ऐकू गेला. “ते माझे बाबा आहेत. ती पाठ माझ्या बाबांची आहे.”

“रुचिका, बस खाली,” लडकू पुटपुटला.

“नाही बसणार. मी तेव्हाच सांगणार होते, रिक्षात. तुम्ही वळलात तेव्हा मला रडू आलं होतं, बाबा. तोंड नव्हतं दिसत तरी रडू आलं.” तिनं त्याचं मनगट धरलं. “उठा. दाखवा त्यांना, कोण आहात ते.”

ठकुबाई दुसऱ्या बाजूनं कोपरानं ढोसत होती. “उटा की वो! देवानं दिलंय ते वापरा येकदा!”

आणि लडकू भोईर उभा राहिला. वळला. मागच्या खोलीतून येणारा सिनेमाचा झोत थेट त्याच्या तोंडावर पडला, निळा, पिवळा, पुन्हा निळा. मान वळायला गेली, पण ती त्यानं वळू दिली नाही. त्या कारागीर पोरानं कपाळाला हात लावून सलाम केला. त्याच्या शेजारचा टाळ्या वाजवू लागला, मग त्याच्या पलीकडचा.

पडद्यावर लडकूची भली मोठी सावली पडली होती. अगदी मागून कोणीतरी वैतागून ओरडलं, “ए चाचा, बैठ जाओ, पिक्चर देखने दो!”

लडकू बसणारच होता. पण रुचिका मनगट सोडायला तयार नव्हती.

“थांबा हो जरा,” ती ओरडणाऱ्याला म्हणाली. “बावीस वर्षं बसलेत ते.”